सीटखालची बाटली

ऊन अंगणभर पसरलं होतं आणि मोहनराव जुन्या ओमनीच्या बंपरसमोर उकिडवे बसून ब्रशने माती काढत होते. घरात चिटपाखरू नव्हतं. झाडून सगळी माणसं तिकडं गेली होती.

गाडी सतरा वर्षांची. मूळचा रंग पांढरा, पण कळंबच्या उन्हात उभी राहून राहून बंपर, दाराच्या पट्ट्या, आरशांची टोपणं असं जे जे काळं होतं तेही पांढरट पडलेलं. हात फिरवला की बोटांना राखेसारखी भुकटी लागायची. मोहनरावांना त्याचं कधी काही वाटलं नाही. पेरूचे क्रेट इंदापूरला पोचले की गाडीचं काम झालं, असा त्यांचा हिशेब.

सुयोगला मात्र वाटायचं.

"आबा, एक दिस गाडी मोकळी द्या. सगळं काळं करून दावतो. नव्यागत दिसंल."

"गाडी माल न्यायला असती, मिरवायला न्हाय."

"मग पोरगी बघायला मी हिच्यातनं यायचा न्हाय."

"पोरगी काय बंपर बघायला बसलीय व्हय?"

यावर सगळं घर हसायचं. सुयोगही हसायचा, पण हसून झालं की पुन्हा तेच पालुपद. बारामतीहून तो प्लास्टिक काळं करायच्या पॉलिशची एक बाटलीही घेऊन आला होता. मोहनराव म्हणायचे, पुढच्या रविवारी बघू. पुढचा रविवार आला की गाडीत क्रेट चढलेले असायचे.

आज त्या बाटलीची आठवण निकिताने करून दिली. धाकटी पोर, चारचौघांत बोलायला बुजली. बापाला बाजूला घेऊन म्हणाली, "आबा, दादाची बाटली अजून सीटखाली हाय." मोहनराव तसेच उठले आणि मंडळींना तिथंच बसवून गाडी घेऊन घरी आले. साबण, ब्रश, फडकी सगळं घरी होतं.

बाटलीचं सीलसुद्धा फुटलेलं नव्हतं. ते फोडताना त्यांचे डोळे भरून आले. एवढंसं तर मागितलं होतं पोराने. बापाने एक दिवस द्यायचा होता, तोही त्याच्याच कामासाठी, आणि तेवढाही जिवावर आला.

त्यांनी बंपर साबणाच्या पाण्याने धुतला. मग फडक्याने खाचाखाचांतून कोरडा केला. ओल राहिली तर डाग उठतात, हे सुयोगनेच कधीतरी जेवताना सांगितलं होतं. तेव्हा आपलं तिकडे लक्षच नाही असं त्यांना वाटलं होतं. स्पंजवर बाटलीतलं थोडं घेऊन त्यांनी एका कोपऱ्यावर फिरवलं. पांढरट प्लास्टिक बघता बघता काळंभोर झालं. मोहनराव त्या कोपऱ्याकडे बघतच राहिले. पोरगं खोटं बोलत नव्हतं.

पट्ट्या झाल्या, एक आरसा झाला, तेवढ्यात पुतण्या मोटारसायकलवरून आला. अविराज एरवी आरशात बघून केस विंचरल्याशिवाय गाडीवरून उतरायचा नाही. आज डोक्याला ओला टॉवेल गुंडाळलेला, पायात चप्पलही नाही.

"तात्या, मंडळी खोळंबलीत."

"खाल्लं का त्यानं?"

"न्हाय. सगळं तसंच हाय. काकूंनी हातानं केलेला शिरासुदिक न्हाय."

"सर्जेराव काय म्हणत्यात?"

"सुयोगच्या मामांनी हात जोडलं. नवी गाडी घिऊ म्हणून शब्दबी दिला. काय उपयोग न्हाय." अविराज जमिनीकडे बघत म्हणाला, "आता ते म्हणत्यात, ऊन लई झालं, बायामाणसं उपाशी हायती. उरकून घिऊ."

"त्यानं खाल्ल्याबिगर न्हाय उरकायचं."

अविराज गाडीच्या मागच्या बाजूला गेला. तिथून म्हणाला, "मागचा बंपर मी घिऊ का करायला?"

"नगं. माझंच राहिलंय ते."

जेवणावर रुसणं ही सुयोगची लहानपणापासूनची खोड. एकदा मोहनरावांनी त्याचं लाडकं करडू बाजारात विकलं, तर पोराने दोन वेळा अन्नाला हात लावला नव्हता. त्याच्या आईने, अनिताने भरवून पाहिलं, आजीने गोष्टी सांगून पाहिल्या. भूक लागली की येईल वळणावर, असं म्हणत मोहनराव ओट्यावर बसून राहिले होते. शेवटी त्यांनाच राहवलं नाही. ते करडू परत घेऊन आले आणि पोराने त्याला मांडीवर घेऊन दोन भाकरी खाल्ल्या. हट्ट नेमका कशाचा आहे हे कळलं की सुयोग लगेच ऐकायचा. कळायलाच बापाला उशीर व्हायचा.

मागचा बंपर झाला. मोहनराव दोन पावलं मागे सरले. गाडी खरंच नव्यासारखी दिसत होती. तळहात काळे झाले होते, ते त्यांनी धुतले नाहीत. तसेच स्टिअरिंगवर ठेवून ते निघाले, मागोमाग अविराज.

गाडी दिसताच झाडाखाली बसलेली माणसं उठली आणि बाजूला झाली. अनिताने पदराआडून एकवार गाडीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. पानावरचा शिरा उन्हाने वाळला होता. मोहनरावांनी गाडी वळवली, पुढचा बंपर नेमका पानाकडे येईल अशी उभी केली आणि खाली उतरले.

"बाळा, झाली बघ काळी," ते म्हणाले. "तुझ्याच बाटलीनं केली. चुकलं माझं. आता जेव."

खाली नीरेचं पाणी संथ चाललं होतं. मग पलीकडच्या बाभळीवरून एक कावळा उतरला आणि सुयोगच्या पिंडाला शिवला.