सेतुरावांची सातवी सहल

“तुम्ही पुढे बसा सार. सेक्रेटरीची जागा ती,” फडक्यानं सीट पुसत बसचा ड्रायव्हर म्हणाला.

“ऐकलंस?” सेतुराव मागे वळून बायकोला म्हणाले. “इंजिनाची सगळी धग तंगड्यांना. सहा वर्षं भाजून घेतोय.”

पंकजाबाईंनी दहीभाताचं पातेलं मांडीवर घेतलं. “आज सुटका ना?”

“आज सुटका. शब्द देतो.”

“मागल्या साली पण शब्दच दिला होता. काशीची गाडी मासी महिन्यात, शिवरात्रीच्या सुमारास निघते, आणि तुमची सभाही मासीतच. गंगा तिकडे वाहतेय, मी इकडे मंडळाचा दहीभात कालवतेय.”

सेतुरावांनी झोळी खांद्याला अडकवली. ते पुढे जाऊन बसले.

कुंभकोणम् जीवाश्म मंडळाचा नियम साधा होता. दरवर्षी पोंगलनंतरच्या रविवारी अरियलूरच्या माळावर जायचं. तिथे कोणे एके काळी समुद्र होता. ज्याला अस्सल जीवाश्म सापडेल तो पुढचा सेक्रेटरी. हा नियम बहुमान म्हणून केला होता. पन्नास साली सेतुरावांना दगड झालेला शार्कचा दात सापडला, बहुमान त्यांच्या गळ्यात पडला, आणि तेव्हापासून कुणालाही काही सापडलं नाही. मंडळाची सगळी पत्रं सेतुरावांच्या नावानं येत. समारंभात हार त्यांनाच घालत, आणि झेंडूनं त्यांना शिंका येत. घरी कोणी पाहुणा आला की ते हे सगळं सविस्तर सांगत.

बस कोळ्ळिडम नदीवरचा पूल ओलांडून पलीकडे गेली. नऊच्या सुमारास मंडळी माळावर पसरली.

पहिला दगड आणला तो अध्यक्षांनी, वकील शंकरनारायण यांनी. सेतुरावांना ते तमिळ रीतीनं ‘रायर’ म्हणत.

“हे बघा रायर, हाड! लाखो वर्षांपूर्वीचं!”

“बकऱ्याचं आहे. मागच्या आठवड्यातलं.”

“जरा नीट बघा हो.”

“नीटच बघतोय. कातडं चिकटलंय अजून.”

अस्सल काय आणि नकली काय हे ठरवणं सेक्रेटरीचं काम. सेतुराव कोर्टात शिरस्तेदार होते. अर्जातली खोट त्यांना तारखेच्या आधी दिसे. दगडातलीही तशीच दिसे. नाकारलेला दगड माळावर टाकला तर तोच उचलून दुसरा कोणी तरी आणायचा, म्हणून तो झोळीत घालून लांब नेऊन टाकणंही त्यांच्याच वाट्याला आलेलं.

“हमालीसुद्धा सेक्रेटरीनंच करायची!” ते दर वेळी म्हणत.

यंदा मात्र आशेला जागा होती. मुलींच्या शाळेतल्या सायन्सच्या टीचर वसंता या वर्षी नव्यानं सभासद झाल्या होत्या. त्यांनी ब्रश आणला होता, भिंग आणलं होतं आणि मुख्य म्हणजे त्या सावलीत बसत नव्हत्या. सेतुरावांनी स्वतः त्यांना एक ओघळ दाखवली.

“इथे बघा टीचर. पावसानं माती धुऊन गेलीय. माझा दात इथेच सापडला होता.”

“तुम्ही नाही शोधत, सार?”

“मला कुठला वेळ? सेक्रेटरी ना मी!”

अकरा वाजले, बारा वाजले. कोणी कौलाचा तुकडा आणला, कोणी नारळाची करवंटी. शंकरनारायण दोन हाडं आणखी घेऊन आले, दोन्ही बकऱ्याचीच. सेतुरावांचं डोकं तापलं. “ही काय शोधमोहीम आहे? हा तर खाटिकखाना!” असं ओरडून ते पत्नीशेजारी येऊन बसले.

“म्हणजे यंदाही नाही,” पंकजाबाई म्हणाल्या. “माझे गुडघे आणखी किती वर्षं थांबतील, तेही विचारून ठेवा तुमच्या मंडळाला.”

“माझ्या हातात आहे का ते?”

तेवढ्यात ओघळीतून हाक आली. वसंता टीचर साडीचा ओचा खोचून धावतच वर आल्या. तळहातावर मुठीएवढा दगड होता. पंकजाबाई भाताचा डाव हातात घेऊनच उभ्या राहिल्या. मंडळी गोळा झाली.

“काय रायर,” शंकरनारायण म्हणाले, “उतरला वाटतं हार गळ्यातला!”

सेतुरावांनी दगडावर पाणी ओतलं. धोतराच्या सोग्यानं पुसला. भिंग लावलं, उलटा केला, सुलटा केला. पुन्हा एकदा भिंग लावलं. मग त्यांनी एक मोठा सुस्कारा सोडला.

“खडी आहे, टीचर. रस्त्याला घालतात ती.”

“पण सार, ही वळणं?”

“पाण्यानं पडतात. पहिल्या वर्षी सगळ्यांचं असंच होतं. वाईट वाटून घेऊ नका.”

टीचरनी वहीत काढायला घेतलेलं चित्र खोडलं. पंकजाबाई खाली बसल्या आणि कोणाकडेही न बघता भात वाढू लागल्या.

“मी काय करू?” सेतुराव कळवळून म्हणाले. “तुला काशीला न्यायची म्हणून खोट्यावर सही करू?”

“मी काही म्हटलं का?”

जेवणं झाल्यावर शंकरनारायणांनी ठराव मांडला, टाळ्या पडल्या, आणि सेक्रेटरी म्हणून सेतुरावांची सातव्यांदा फेरनिवड झाली. त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. सगळ्यांना त्यांची दया आली.

परतताना पुलाजवळ बस कॉफीसाठी थांबली. पंकजाबाई खाली उतरल्या नाहीत. वसंता टीचर खिडकीबाहेर बघत होत्या. सेतुराव झोळी घेऊन एकटेच कठड्यापाशी गेले. बकऱ्याची हाडं त्यांनी अलीकडे गवतात झटकून टाकली. टीचरचा दगड मात्र हातात घेऊन त्यावरून अंगठा फिरवला. मेंढ्याच्या शिंगासारखा वळलेला, दगड झालेला शंख. एकही कड तुटलेली नव्हती.

“दरवर्षी जास्तच चांगला सापडतो लेकाचा,” ते वैतागून पुटपुटले, आणि आधीचे सहा टाकले होते तिथेच, खोल पाण्यात, त्यांनी तो सोडून दिला.