आत्ताच उठलेत

"बच्छाव साहेबांचं..."

"आत्ताच चहाला उठलेत." सोमनाथने पलीकडच्या बाईंचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. सकाळपासून फोन थांबत नव्हता आणि कंत्राटी नोकरीचा त्याचा पहिलाच आठवडा होता.

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग, "चहाला गेलेत? बरं, बरं," म्हणत बाईंनी फोन ठेवला.

नाशिकरोडच्या त्या सरकारी कार्यालयात चौकशीच्या टेबलावर बसणाऱ्याला एकच गोष्ट शिकवली जायची. हेडक्लार्क उज्वला मॅडमनी ती पहिल्याच दिवशी सांगितली होती. "नाहीत म्हणायचं नाही. माहीत नाही म्हणायचं नाही. आत्ताच उठलेत म्हणायचं. माणूस वाट बघतो, कंटाळतो, जातो. कुणाच्या अंगावर काही येत नाही."

खुर्च्याही तशाच होत्या, आत्ताच कुणी उठल्यासारख्या. एकीवर स्वेटर, एकीवर रुमाल, पुढे टेबलावर उघडा चष्मा, वर पंखा चालू. खिडकीजवळच्या खुर्चीवर खाकी जर्किन असायचं. ते बच्छावांचं. सोमनाथला जर्किन रोज दिसायचं, माणूस कधी दिसला नाही. पण तसे न दिसणारे तिथे बरेच होते.

बाईंचा फोन दुसऱ्या दिवशीही आला. मग रोजच, जेवणाच्या सुट्टीनंतर.

"बच्छाव साहेब कुठं गेलेत आज?"

"मीटिंगला."

"जेवून गेले का?"

"हो मावशी. आमच्यातच बसले होते."

खोटं अंगवळणी पडलं. बाई चिडत नव्हत्या, कामही सांगत नव्हत्या. "मुरलेली तक्रारदार दिसते," उज्वला मॅडम म्हणाल्या, "गोडीत घेतेय तुला." एकदाच सोमनाथ म्हणाला, एकलहऱ्याला साइटवर गेलेत, तेव्हा त्यांनी जेवणाचं विचारलं नाही. हळूच एवढंच म्हणाल्या, "तिकडं नका पाठवू त्यांना." तिकडेच बाईंचं काही अडलं असणार, असं सोमनाथने धरलं.

फोन ठेवताना त्या विचारायच्या, "तुम्ही जेवले का भाऊ?"

सोमनाथ देवळा गावचा. जेलरोडला एका खोलीत राहायचा. संध्याकाळी कुलूप काढलं की सकाळी पुन्हा लावेपर्यंत त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. जेवलास का, हे विचारणारं माणूस त्याला शहरात एकच होतं, आणि त्यालाच तो रोज फसवत होता. डबा उघडला की हे आठवायचं आणि तो डबा पुन्हा लावून ठेवायचा.

शेवटी त्याने ठरवलं, बच्छावांना गाठायचं आणि बाईंचं काम करून द्यायचं. काम झालं की फोन बंद होणार, हेही त्याला कळत होतं.

आस्थापना शाखा म्हणाली, स्टोअरला विचार. स्टोअर म्हणालं, साइटवाल्यांना विचार. साइटवाले म्हणाले, "अरे, आत्ताच तर इथे होते!" उज्वला मॅडमनी मान वर केली नाही. "माझ्या टेबलचं नाही ते."

जुना शिपाई भिका जिन्यात तंबाखू मळत उभा होता.

"बच्छाव?" तो म्हणाला. "लय उशीर केला भाऊ तू. गेला ना तो. एकलहऱ्याला, साइटवरच. भर उन्हात पडला तो उठलाच नाय. तू यायच्या आधीची गोष्ट."

"मग जर्किन?"

"कोन उचलनार? उचललं की सही करावी लागती."

सोमनाथ टेबलाशी येऊन बसला. फोन वाजला.

"भाऊ, बच्छाव साहेब..."

"मावशी, ऐका. मी खोटं बोलत होतो. रोज." त्याने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "साहेब वारलेत. मला आजच कळलं. तुमचं जे काम असेल ते सांगा. मी स्वतः करतो, कुणाच्या टेबलावर ढकलत नाही."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. बाईंनी ती संपू दिली.

"काम एवढंच होतं भाऊ. तेरावं झालं आणि म्हटलं, आमच्या मालकांचं जर्किन तरी घरी आणावं. म्हणून फोन लावला होता. तुम्ही म्हणाले, आत्ताच चहाला उठलेत." त्यांचा आवाज अगदी खाली आला. "कुठं गेलेत आज?"