नावातला पाऊस

"अक्षर चुकलंय," सासरे म्हणाले.

दुकानातल्या मुलीने स्क्रीन त्यांच्याकडे आणखी वळवला. "नाही अंकल, बरोबर आहे. आता सगळ्यांचं असंच कोरतो आम्ही."

मेधाने पाहिलं. सासूबाईंचा फोटो आणि त्याखाली नाव, तीन चिनी अक्षरं. अस्थी ठेवायच्या कोनाड्याला लागणारी संगमरवरी पाटी अशी दिसणार होती. सिंगापूरच्या चिनी घरात लग्न करून येऊन इतकी वर्षं झाली, तरी मेधाला त्यातलं एकही अक्षर वाचता येत नव्हतं. सासऱ्यांचं बोट शेवटच्या अक्षरावर टेकलेलं मात्र दिसत होतं.

त्यांनी काउंटरवरचा कोरा कागद ओढला आणि ते अक्षर मोठं करून काढलं.

"हा ढग. आणि हा त्याच्या डोक्यावरचा पाऊस. तिचं नाव असं आहे. सरकारने अक्षरं सोपी केली, तेव्हा वरचा पाऊस काढून टाकला." ते मेधाकडे वळले. "ती चिनी शिकवायची ना शाळेत, तीच मुलांना नवं अक्षर शिकवायची. कुणी जुनं लिहिलं तर लाल शाईने खोडायची. नोकरीच होती ती. पण घरी स्वतःचं नाव लिहायची ते असंच."

"जुनं हवं असेल तर जुनं कोरू, अंकल," मुलगी समजुतीने म्हणाली.

मेधाला राहवलं नाही. नवरा बरोबर असता तर कदाचित तोच बोलला असता, पण तो बाहेर गाडी लावत होता.

"पा, ऋताला जुनी अक्षरं येत नाहीत. शाळेत नवीनच शिकवतात. पुढे इथे तीच येणार आहे. आजीचं नाव तिला वाचता यायला नको का?"

सासऱ्यांनी एकदा स्क्रीनकडे, एकदा कागदाकडे पाहिलं. मग त्यांनी पेन उचललं आणि कागदावरच्या अक्षरातला वरचा भाग खोडला. एकेक रेघ, सावकाश.

"वाचता आलं पाहिजे," ते म्हणाले. "असंच कोरा."

पितरांच्या सणाला सगळे मिळून कोनाड्यापाशी गेले. सासऱ्यांनी रुमालाने पाटी पुसली. मेधाच्या नवऱ्याने, वेइमिंगने संत्री मांडली, उदबत्त्या पेटवल्या.

"वाच बघू, ऋता," तो म्हणाला.

ऋता पुढे झाली. अक्षरांवरून बोट फिरवत तिने मोठ्याने वाचलं, "लिन श्यू-युन."

स्वच्छ, शाळेत शिकवतात तशा शुद्ध मँडरिनमध्ये. कुठे अडखळली नाही. वेइमिंगने तिच्या पाठीवर थाप दिली. मेधालाही भरून आलं. केलं ते बरंच केलं, असं तिला वाटलं. तिने सासऱ्यांकडे पाहिलं.

एखाद्या परक्या बाईची कुणीतरी ओळख करून द्यावी, तसे ते ऐकत होते. त्यांनी किंचित मान लववली, रीत म्हणून लववतात तशी. मग ते पाटीच्या अगदी जवळ गेले. तिच्या कानाशी बोलल्यासारखे हलक्या आवाजात म्हणाले, "हून. आ हून."

अक्षर तेच होतं, शेवटचं, ढगाचं; ऋताने 'युन' वाचलं ते. त्यांच्या होक्कियन बोलीत त्याला 'हून' म्हणत, लाडाने 'आ हून'. अख्ख्या संसारात त्यांनी बायकोला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली नव्हती. ती बोली वेइमिंगला मोडकीतोडकी यायची. ऋताच्या कानावर ती फारशी पडलीच नव्हती. आजी आजोबा आपसात बोलायचे, तेवढीच. तिच्यासाठी आजी म्हणजे नुसती आमा, आजोबा म्हणजे आगोंग.

"आ हून," त्यांनी पुन्हा हाक मारली आणि उत्तराची वाट पाहावी तसे थांबले.

ऋताने आईचा हात ओढला आणि कुजबुजत विचारलं,

"आई, आगोंग कुणाला बोलावतायत?"