तीन वाजताची शांतता

"बंद कर म्हटलं ना तो!" दोन्या कार्मेलीना ओरडली, पण जनरेटरच्या धडधडाटात तिचं तिलाच ऐकू आलं नाही. म्हणून ती एल्विनच्या अगदी नाकासमोर जाऊन उभी राहिली आणि पुन्हा ओरडली.

पोन्से शहरातून बायको-पोरीला घेऊन आलेला एल्विन खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "किनारा तुमच्या एकटीच्या नावावर आहे का, दोन्या?" थोरल्या बाईला मानानं म्हणायचं 'दोन्या', तेवढं त्यानं म्हटलं.

"एकतीस वर्षं या आठवड्यात आम्ही इथे तंबू ठोकतोय. कंदिलावर राहतो. उकाड्यानं अजून कुणी मेलं नाही. आज गुड फ्रायडे. लोक आज केर काढत नाहीत, भिंतीत खिळा ठोकत नाहीत, आणि तुझं बुधवारपासून हे दळण चालू!"

"आत पोर झोपलीय माझी. एसी बंद झाला की घामाघूम होऊन रडत उठेल. मग तिच्या आवाजाची तक्रार घेऊन याल."

"तंबूत एसी! देवा रे, उद्या समुद्राला पंखा लावाल." तिने त्याच्यापुढे बोट नाचवलं. "तीन वाजता आमची जपमाळ आहे. त्या घटकेला देवानं प्राण सोडला. तेव्हा मला याचं हूं की चूं ऐकू आलं ना, तर टाकीत वाळू ओतीन. नाही ओतली तर नावाची कार्मेलीना नाही!"

पावणेतीनला आवाज पडला. खरंच पडला. तीन दिवसांत पहिल्यांदा लाटा ऐकू आल्या.

"ऐकलं की गं पोरानं शेवटी," तिची नणंद तोमासा म्हणाली.

"ऐकतोय कसला! टरकला." पण दोन्या खुशीत होती. ताडपत्रीखाली नऊ बायकांच्या खुर्च्या गोल लागल्या, खारवलेल्या माशाचं पातेलं झाकून बाजूला ठेवलं गेलं, आणि तीनच्या ठोक्याला जपमाळ सुरू झाली.

दुसरे दहा मणी संपत आले तेव्हा तिला गुरगुर जाणवली. आवाज म्हणावा असा नाही, गोधडीखाली मांजर दडपून ठेवल्यासारखी. तिने एक डोळा उघडला. बाकीच्या डोळे मिटून पुटपुटत होत्या. तिचा मणी चुकला. म्हणजे बंद केलाच नाही मेल्यानं! नुसता दडपलाय!

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जपमाळेतून मध्येच उठणं पाप खरं, पण फसवून घेणं तिला त्याहून जड होतं. ती उठली आणि तरातरा निघाली.

एल्विन तंबूबाहेर बर्फाच्या पेटीवर पाय पसरून बसला होता. तिला पाहून त्यानेच ओठांवर बोट ठेवलं. "आता येतोय का आवाज? नाही ना? मग आता काय राहिलं?"

"कुठाय तो?"

त्याने मोठ्या ऐटीत अंगठा मागे दाखवला. "तंबूच्या पुढच्या खोलीत घेतला. दोन्ही बाजूंनी गाद्या उभ्या केल्या, वरून गोधडी टाकली, सगळ्या चेनी लावल्या. डोकं लागतं, दोन्या."

"आत घेतला? आणि पोर?"

"मागच्या खोलीत. बायको, यादिराही तिथेच. गारेगार झोपल्यात दोघी. वादळानंतर वीज नव्हती तेव्हा सात महिने यावर काढलेत आम्ही, मला नका शिकवू."

दोन्याने त्याला ढकललं आणि चेन ओढली. आतून जनरेटरच्या धुराचा गरम, काळा वास भस्सकन तोंडावर आला. "गाढवा!" एवढंच ती बोलली आणि तोंडाला पदर लावावा तसा झग्याचा घोळ लावून आत घुसली.

यादिरा गादीवर डोकं धरून बसली होती. "डोकं... डोकं फार..." तिची जीभ जड झाली होती. शेजारी दीड वर्षाची पोर पालथी पडली होती. दोन्याने तिला उचललं तर मान मागे लोंबली.

मग एल्विनला कळलं. त्याने जनरेटर बंद केला, बायकोला काखेत धरून फरफटत बाहेर काढलं. यादिरा वाळूत गुडघ्यांवर पडून ओकायला लागली. दोन्या पोरीला घेऊन वाऱ्याच्या तोंडाला, ओल्या वाळूपर्यंत धावली. त्र्याहत्तर वर्षांचे गुडघे, पण धावली. पोरीला आडवी घातली आणि तळव्यांवर चापट्या मारायला लागली. "ऊठ! ऊठ गं बये, ऊठ!"

एल्विन येऊन शेजारी कोसळला. "तुम्हीच म्हणालात," तो म्हणाला. "आवाज नको, असं तुम्हीच म्हणालात."

"हो, म्हणाले मी! जळो माझं तोंड!" तिने पुन्हा तळव्यावर चापट मारली. "अँब्युलन्स बोलव ना! माझ्याकडे काय बघत बसलायस!"

तो फोनसाठी पळाला. मागे ताडपत्रीखाली जपमाळ चालूच होती.

पोरीच्या छातीत काहीतरी अडखळलं. एक उचकी आली, मग दुसरी. तिने तोंड वासलं, श्वास ओढला, आणि असा टाहो फोडला की पाण्याकाठचे बगळे उडाले.

पलीकडच्या रांगेतून कुणी पुरुष खेकसला, "अहो, प्रार्थना चाललीय! त्या पोराला गप्प करा कुणीतरी!"

"तूच गप्प बस, मुडद्या!" दोन्या इतक्या जोरात किंचाळली की जपमाळ थांबली. ताडपत्रीखालच्या सगळ्या खुर्च्यांमधला आवाज गेला. सगळा किनारा चिडीचूप झाला. तिने पोरीला खांद्यावर घेतलं.

"रड," ती तिच्या कानात म्हणाली. "अजून मोठ्यानं रड."