प्रॉक्सी कधी अडत नाही

हॉस्पिटलच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये साहेबांनी मोठ्या हौसेने एक डायनॅमिक प्रॉक्सी, म्हणजे कोडमधली मध्यस्थ, बसवली होती. स्क्रीन आणि पेशंटची माहिती यांच्या मध्ये ती उभी. तिला कुठल्याही नावाने काहीही विचारा, ती शोधून आणणार. सापडलं नाही तर एरर न देता गुपचूप 'नाही' म्हणणार. टेस्टर बाईंच्या ती पहिल्या दिवसापासून डोक्यात गेली होती.

"नसणं वेगळं आणि माहीत नसणं वेगळं," मीटिंगमध्ये त्या पुन्हा म्हणाल्या.

"तुम्हाला खोड्या काढायचाच पगार मिळतो. आधी एवढं लिहून दाखवा, मग बोला." साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बाईंनी वाद घातला नाही. चाचणीसाठी ऑफिसातल्या सगळ्यांची नावं पेशंट म्हणून घातलेली होती. त्यांनी मोठ्या पडद्यावर साहेबांचं नाव उघडलं आणि प्रॉक्सीला विचारलं, 'अक्कल?'

उत्तर आलं: नाही.

कोणीतरी खोकल्याआड हसलं. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "असलं काही तिथे भरलेलंच नाहीये, म्हणून ती नाही म्हणतेय. एवढंही कळत नाही तुम्हाला?"

"मला कळतं. वॉर्डातल्या सिस्टरना कसं कळणार?" बाईंनी 'अक्कल' खोडलं आणि त्या जागी लिहिलं, 'पेनिसिलिनची ॲलर्जी?'

उत्तर आलं: नाही.

या वेळी कोणी हसलं नाही. साहेब त्या शब्दाकडे बघत राहिले. मग पहिल्यांदाच बाईंकडे वळले.

"मला आहे."