पक्का ग्रह

टिपणीस सरांचा ग्रह आलेखावरून नाहीसा झाला, तेव्हा ऋजुताला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलंय.

ग्रह ताऱ्याला ओढतो, म्हणून तारा किंचित डुलतो. पण ताऱ्यावरचे डाग त्याच्यासोबत फिरले, तरी तो डुलल्यासारखाच भासतो. डागांचा हा वाटा वेगळा काढायची नवी पद्धत ऋजुतानं बसवली होती. नवी पद्धत आधी एखाद्या पक्क्या ग्रहावर चालवून बघायची, हा त्यांच्या गटाचा शिरस्ता. सरांनी वीस वर्षांपूर्वी शोधलेल्या ग्रहाहून पक्का कुठला असणार? डागांचा वाटा वजा केला, तर तारा मुळी हललाच नव्हता.

कितीतरी दिवस ती स्वतःची चूक शोधत राहिली. शेवटी चहाच्या वेळी लॅपटॉप घेऊन सरांच्या खोलीत गेली. सरांच्या हातातल्या मगावर त्याच ग्रहाचं चित्र होतं. साठीला विद्यार्थ्यांनी दिलेला मग.

त्यांनी आलेख शांतपणे पाहिला.

"तारा स्वतःभोवती किती दिवसांत फिरतो?"

"एकोणीस," ती म्हणाली. ग्रहाची प्रदक्षिणाही एकोणीस दिवसांचीच होती, हे सरांना सांगायची गरज नव्हती.

"सर, माझ्या कोडमध्येच अजून काहीतरी..."

"कोड बरोबर आहे तुझा. पेपरात पहिलं उदाहरण हेच दे."

ती लॅपटॉप मिटायला लागली, तसा सरांनी हात आडवा धरला. हातातला मग बाजूला ठेवून त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"थांब. आता माझा दुसरा ग्रह लाव."