ठरलेला निकाल

ठरवून खेळायच्या त्या कुस्तीत खलनायकाने नायकाची मान काखेत आवळली. पुढचा डाव एकमेकांच्या कानात सांगायची त्यांची हीच वेळ. पण आज नायक भलतंच पुटपुटला, "काका, तुमची लेक मला पसंत आहे. तिचाही होकार आहे."

काखेतला जोर आपसूक वाढला. "गाढवा, ही काय विचारायची जागा आहे?"

"घरी विचारलं असतं तर तुम्ही खरंच मारलं असतं."

प्रेक्षक खलनायकाला शिव्यांची लाखोली वाहत होते. ठरल्याप्रमाणे तो आडवा झाला, नायक छातीवर बसला, पंचाने तीन मोजले. सभागृह नाचायला लागलं, पण नायकाचा चेहरा काही जिंकणाऱ्याचा दिसेना.

खलनायक डोळे मिटून कण्हला आणि ओठ न हलवता म्हणाला, "उठा आता, जावईबापू. बरगड्या दुखताहेत."